फोटोतला डाग आणि ‘अनफिट’चा कागद

डाग घालवायचं औषध नसतं, हे चिपळूणच्या दवाखान्यात बसून मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे. मागायला येणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले, अंगाने धडधाकट. हातात छातीचा फोटो, सोबत थोरला भाऊ नाहीतर एजंट. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. काही वर्षांपूर्वी टीबी झाला होता, सहा महिन्यांचा कोर्स नीट पुरा केला, बेडका निगेटिव्ह आला, मग लग्न झालं, पोर झालं. आता गल्फचा व्हिसा आलाय, उसनवारी करून एजंटाचे पैसे भरलेत, आणि मुंबईला मेडिकलला गेल्यावर ‘अनफिट’ लिहिलेला कागद हातात पडलाय. फोटो खिडकीकडे धरला की उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला चार पांढऱ्या रेघा दिसतात. “एवढंच आहे ना मॅडम? मग एवढं जाईल असं कायतरी द्या ना.”

एवढं जात नाही. लहानपणी गुडघा फुटला त्याची खूण म्हातारपणी दिसावी, तशा त्या रेघा. जखम भरल्याचा तो पुरावा आहे, जखम नव्हे. हे मला कळतं, रुग्णाला दोन मिनिटांत कळतं. मेडिकल सेंटरमधल्या डॉक्टरलाही कळत असणारच, पण त्याच्या पुढ्यात नियम असतो. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, बहरीन, ओमान या देशांत कामाला जायचं तर ठरवून दिलेल्या सेंटरमध्ये तपासणी करावी लागते. तिचं नाव आता ‘वाफिद’ आहे, लोक अजून ‘गामका’च म्हणतात. त्या नियमांत चालू टीबी जसा बाद, तसाच फोटोत दिसणारा जुना, बरा झालेला टीबीही बाद. बेडका तपासून बघा, जुने फोटो जुळवून बघा, असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही. मग बाजारात डाग घालवणाऱ्या पुड्या विकणारे निघतात. पुड्यांत काय असतं ते त्यांनाच ठाऊक. फोटोला स्वतःऐवजी भावाला उभं केल्याचे जुने किस्सेही आमच्या भागात चवीने सांगितले जातात.

आता याच रेघांची दुसरी गोष्ट. माझ्याकडे टीबीचा कोर्स पुरा केलेली एक नर्स ऑस्ट्रेलियाला निघाली. तिच्याही फोटोत डाग होता. तिला जुने फोटो मागितले, उपचाराची कागदपत्रं मागितली, तीन दिवस बेडका घेतला आणि तो कल्चरला लावला. कल्चर म्हणजे जंतू वाढतो का ते आठवडेच्या आठवडे बघत बसणं. या काळात तिने देव पाण्यात घातले होते, ते सोडा. रिपोर्ट स्वच्छ आला. मग तिच्याकडून लिहून घेतलं की तिकडे पोचल्यावर आरोग्य यंत्रणेशी संपर्क साधीन आणि बोलावतील तेव्हा तपासणीला जाईन. एवढ्यावर व्हिसा मिळाला. ब्रिटनचीही रीत साधारण अशीच. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयाला टीबी नसल्याचा दाखला लागतो. फोटोत शंका आली तर बेडका आणि कल्चर, ते निर्धोक निघालं तर दाखला.

जंतू तोच, क्ष-किरण तेच, वैद्यकशास्त्राची पुस्तकंही तीच. मग एका देशाला डाग म्हणजे ‘या, पण हजेरी द्या’ आणि दुसऱ्याला डाग म्हणजे ‘येऊच नका’ असं का? एकदा टीबी झालेल्याला तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे मी नाकारत नाही. पण त्याला उत्तर नजर ठेवणं हे आहे. नजर ठेवायला खर्च येतो, आणि तो खर्च माणूस आपल्याकडे राहणार असं ज्याला वाटतं तोच करतो. ऑस्ट्रेलियाला ती नर्स उद्याची नागरिक म्हणून दिसत असेल. आखातातल्या कंपनीला आमचा पोरगा दोन वर्षांच्या कराराचा माणूस दिसतो. तो गेला तर त्याच रांगेतला पुढचा. वैद्यकीय नियम म्हणून जे आपल्यापुढे ठेवतात, तो पुष्कळदा मजूर बदलून घेण्याचा नियम असतो, असं माझं मत आहे. अमिरातीने २०१६ मध्ये आधीपासून तिथे राहणाऱ्यांसाठी यात थोडी ढील दिली. व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी टीबी किंवा डाग सापडला तर थेट विमानात बसवण्याऐवजी उपचार आणि देखरेख. चांगलं झालं. नव्याने जाऊ बघणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नाही.

या कडकपणाने टीबी थांबत असता, तर मी एक वेळ गप्प बसले असते.

गुहागर तालुक्यातला एक ड्रायव्हर बहिणीच्या लग्नासाठी रजेवर आला आणि हळदीच्या दिवशी खोकून रक्त पडलं म्हणून माझ्याकडे आणला. जाताना त्याचा फोटो अगदी स्वच्छ होता, ‘फिट’ होऊन गेलेला माणूस. आता डाव्या बाजूला लिंबाएवढी पोकळी. खोकला कधीपासून? “रमजानच्या आधीपासून.” म्हणजे पाच-सहा महिने. तिथे डॉक्टरला दाखवलं नाही? नाही. कंपनीच्या डॉक्टरकडे गेलो तर कंपनीला कळणार, आणि कंपनीला कळलं तर घरी पाठवणार. त्यापेक्षा केमिस्टकडून कफ सिरप घेतलं. त्याने भागेना तेव्हा ‘लिव्हो’च्या गोळ्या. चार दिवसांत बरं वाटलं, पंधरा दिवसांनी पुन्हा खोकला, पुन्हा गोळ्या. लिव्होफ्लॉक्सासिन हे टीबीवर थोडंफार चालतं, म्हणूनच ते धोक्याचं. सगळे जंतू मरत नाहीत, दबतात. निदान लांबतं, आणि जे जंतू तगतात ते त्या औषधाला निर्ढावतात. त्याचं नशीब की सीबीनॅट चाचणीत जंतू रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा निघाला.

राहायला कुठे होतास, असं विचारलं. एका खोलीत आठजण, एकावर एक खाटा, एसी चोवीस तास, खिडकी उघडायची सोय नाही. टीबी पसरायला याहून सोयीची जागा मला सुचवता येणार नाही. मी त्याची ‘निक्षय’ या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद केली. आठवड्याच्या आत आशाताई त्याच्या घरी जाऊन आल्या. बायको, आई, दोन मुलं, सगळ्यांची तपासणी झाली, मुलांना प्रतिबंधक औषध सुरू झालं. आमच्या सरकारी यंत्रणेला लोक नावं ठेवतात, मीही ठेवते. पण हे काम तिने केलं. आता त्या खोलीतल्या सातजणांचं काय? त्यांच्यात नेपाळचे होते, बांगलादेशचे होते, एक केरळचा होता. त्यांना कोण कळवणार? माझ्या पोर्टलला तशी खिडकी नाही, आणि त्या देशाच्या यंत्रणेचा पत्ता मला माहीत नाही. तूच फोन करून सांग म्हटलं, तर तो मान हलवेना. “सांगितलं तर त्यांना वाटंल मी कंपनीत नावं दिली.” पाच-सहा महिने त्याच्यासोबत झोपलेली ती माणसं आज खोकत असतील, तर तीही सिरपच पीत असणार. ज्या नियमाने देशाला टीबीपासून वाचवायचं, त्याच नियमाने टीबी त्या खोलीत लपवून ठेवला. आणि खोली तर त्याच देशात आहे.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. खोकणाऱ्या माणसाला ‘मी खोकतोय’ असं म्हणायची भीती वाटत असेल, तर कितीही महागडी मशीन विमानतळावर लावा, टीबी आटोक्यात येणार नाही. उपचार आणि व्हिसा यांची गाठ सोडवली पाहिजे.

ब्रिटनने ती कायद्यात सोडवली आहे. इंग्लंडमध्ये टीबीची तपासणी आणि उपचार कोणालाही मोफत असतात. विद्यार्थी असो, नातेवाइकांकडे आलेला पाहुणा असो, व्हिसा संपून गेलेला असो. इतर आजारांना परदेशी माणसाला बिल लागू शकतं, टीबीला नाही. यात उदारपणापेक्षा हिशेब जास्त आहे. उपचार सुरू झाले की रुग्णापासून होणारा संसर्ग झपाट्याने कमी होतो, तेव्हा पाहुण्याला बरं करणं हा यजमानाचाच फायदा.

पण कायदा कागदावर असणं निराळं आणि तो माणसाच्या कानावर असणं निराळं. माझ्या मैत्रिणीचा मुलगा लेस्टरला शिकायला गेला. जाताना मुंबईत फोटो काढला होता, दाखला मिळाला होता. तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात मानेला गाठ आली. एका रात्री फोन, “मावशी, तू रिफॅम्पिसिन कुरिअरने पाठवू शकशील का?” इंटरनेटवर वाचून निदान त्याने स्वतःच करून टाकलं होतं, आणि ते बरोबरही होतं. पण डॉक्टरकडे जायचं नव्हतं. व्हिसा रद्द होईल, युनिव्हर्सिटी काढून टाकेल, हजारो पौंडांचं बिल येईल. एवढा शिकलेला मुलगा! हे त्याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. गाव गल्फचं, घरात चुलते-मामे सगळे ‘अनफिट’ हा शब्द ऐकत वाढलेले. भीती ही त्याची वडिलोपार्जित. मी त्याला चांगला झापला आणि सकाळी पहिल्या वेळेत जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पाठवला.

पुढे जे झालं ते आपल्याकडच्या लोकांनी ऐकण्यासारखं आहे. गाठीतून सुईने पाणी काढून तपासलं. टीबीची एक सिस्टर त्याला नेमून दिली. तिचा फोन नंबर त्याच्याकडे, त्याचा तिच्याकडे. गोळ्यांची डबी तिने भरून दाखवली, लघवी नारिंगी होईल, घाबरू नकोस म्हणून सांगितलं, लिव्हरच्या तपासण्या वेळेवर केल्या. घरात सोबत कोण राहतं हे विचारलं. पासपोर्ट विचारला नाही. गाठीचा टीबी श्वासातून पसरत नाही, तेव्हा कॉलेजला रजाही फारशी लागली नाही. बिल आलं नाही. (आरोग्य अधिभार म्हणून विद्यार्थ्याने व्हिसाच्या वेळीच वर्षाला ७७६ पौंड मोजलेले असतात, नोकरी करणाऱ्याला तेच २०२४ पासून १,०३५ पौंड पडतात. पण टीबीची सवलत तो अधिभार न भरलेल्यालाही आहे.)

आता ब्रिटनने स्वतःच या विश्वासाला एकदा सुरुंग लावला होता, तेही सांगायला हवं. जानेवारी २०१७ पासून आरोग्यसेवेच्या नोंदींतले रुग्णांचे पत्ते गृहखात्याला देण्याचा रीतसर करार अमलात आला होता. कशासाठी, तर बेकायदा राहणाऱ्यांना शोधायला. डॉक्टर उठले, संसदेच्या आरोग्य समितीने फटकारलं, आणि २०१८ मध्ये तो गुंडाळावा लागला. करार वर्ष-दीड वर्षात संपला, पण दवाखान्यात दिलेला पत्ता पोलिसांकडे जातो ही बातमी वस्त्यांमधून तेवढ्या लवकर पुसली जात नाही.

स्थलांतरितांची बाजू घेणारी काही मंडळी म्हणतात की परदेशी माणसं टीबी आणतात हा निव्वळ अपप्रचार आहे. मला हे म्हणणं पटत नाही. इंग्लंडमध्ये २०२४ मध्ये टीबीचे सुमारे साडेपाच हजार रुग्ण नोंदले गेले, आदल्या वर्षापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी जास्त. पाचांतले चार जण देशाबाहेर जन्मलेले, आणि त्यांच्या जन्मदेशांत भारत सर्वांत वर. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी एक भारतात असताना दुसरं काय होणार? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के भारतीयांच्या शरीरात टीबीचा संसर्ग आढळला. आजार नव्हे, झोपलेला जंतू. तो क्ष-किरणांत दिसत नाही. माणूस लेस्टरला जातो, ऊन नाही, खाण्याचे हाल, दोन-दोन पाळ्यांचं काम, मधुमेह, आणि काही वर्षांनी जंतू जागा होतो. लंडनच्या पश्चिम भागातल्या गुजराती लोकांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात टीबी आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचा संबंध दिसला होता. म्हणजे जंतू इकडचा, त्याला जाग आणणारी परिस्थिती पुष्कळदा तिकडची.

तेव्हा आकडे लपवू नयेत. त्यांचा अर्थ मात्र नीट लावावा. २००६ ते २०१२ या काळात ब्रिटनला जाण्यापूर्वी तपासलेल्या ५ लाख १९ हजार ९५५ जणांचा पुढे मागोवा घेतला गेला आणि तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २०१६ साली आला. अशा लोकांना तिकडे गेल्यावर टीबी होतो, हे त्यात दिसलंच. पण त्यांच्यापासून इतरांना झाल्याचं क्वचित आढळलं. ते आजारी पडतात ते मुख्यतः स्वतःपुरते. म्हणून वेशीवरचा फोटो हवाच, मी त्याच्या विरोधात नाही. चालू टीबी घेऊन कोणी विमानात बसू नये, त्यात त्याचंही हित आहे. पण झोपलेल्या जंतूला गाठायचं तर गेल्यानंतर रक्ततपासणी आणि तीन महिन्यांचं प्रतिबंधक औषध हवं. इंग्लंडमध्ये १६ ते ३५ वयाच्या नव्या आलेल्यांसाठी असा कार्यक्रम आहे. तो सगळीकडे सारखा राबत नाही, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या अनेकांना पत्र आलं तरी ते कशाचं हे कळत नाही.

श्रीमंत देशांनी एक जुनी उधारीही आठवावी. १९५६ मध्ये मद्रासला ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल, आपली आयसीएमआर, मद्रास सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून एक प्रयोग सुरू केला. झोपडपट्टीत, दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या रुग्णांना घरीच औषध दिलं, आणि दुसऱ्या गटाला सॅनेटोरियमच्या गाद्यांवर, चांगल्या आहारावर ठेवलं. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की गोळ्या नेमाने घेतल्या तर घरचा रुग्ण जवळजवळ तेवढाच बरा होतो, आणि घरातल्या माणसांना जास्तीचा धोका होत नाही. जगभरची सॅनेटोरियमं बंद होत गेली त्यात या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे. युरोपातल्या सरकारांचा केवढा पैसा मद्रासच्या गरिबांनी वाचवला! आणि आज? अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत एका फटक्यात थांबवली. टीबीसाठी इतर देशांना सर्वाधिक पैसा देणारा देश तोच होता. ब्रिटनने मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ वर आणला आणि २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचं जाहीर केलंय. उगमाशी धरण फोडायचं आणि खाली दारात वाळूच्या पिशव्या रचायच्या, याला धोरण म्हणवत नाही.

दुसऱ्याच्या घरातलं एवढं बोलल्यावर मुंबईचं सांगायला हवं. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात शिकत होते तेव्हा बिहार, उत्तर प्रदेशातले मजूर मधेच कोर्स टाकून गावी निघून जायचे. खोलीवाल्याने सामान बाहेर फेकलेलं असायचं, नाहीतर मुकादमाने नाव कमी केलेलं असायचं. गावी गेलेला रुग्ण आमच्या वहीतून ‘डिफॉल्टर’ म्हणून निघून जायचा, जणू चूक त्याचीच. आज निक्षयचा नंबर गोरखपूरला चालतो, चिपळूणला चालतो. पोषणासाठीचे महिना हजार रुपयेही बँक खात्यात येतात, उशिरा का होईना. खोलीवाले बदललेत असं काही मला दिसत नाही. पण नोंद माणसाबरोबर प्रवास करू शकते, हे आपण करून दाखवलंय.

मग ती समुद्रापलीकडे का जाऊ नये? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा ‘क्युअर-टीबी’ हा उपक्रम देश सोडणाऱ्या किंवा परत पाठवलेल्या रुग्णाची माहिती पुढच्या देशातल्या यंत्रणेला कळवतो आणि उपचार तुटू देत नाही. आखातात सुमारे ९० लाख भारतीय आहेत. त्यांच्याबाबत अशी व्यवस्था मागायला दिल्लीला कोणी अडवलंय? मजुरांसाठीच्या करारांत पगार आणि तिकीट यांच्याबरोबर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. डाग दिसला तर बेडका आणि कल्चर केल्याशिवाय अनफिट ठरवू नये. कामावर असताना टीबी निघाला तर नोकरी न जाता उपचार व्हावेत. आणि माणूस परत आलाच, तर त्याची माहिती इकडे आणि त्याच्या खोलीतल्यांची माहिती तिकडे पोचावी. आमच्या जिल्ह्यातल्या घराघरांवर गल्फच्या पैशाचे स्लॅब पडलेत. या प्रश्नावर सभागृहात बोलणारा लोकप्रतिनिधी मला भेटला तर मी त्याच्या सभेला जाईन.

तोवर जाणाऱ्यांसाठी. कोर्स संपल्याचं कार्ड, बेडक्याचे सगळे रिपोर्ट आणि पहिला-शेवटचा फोटो जपून ठेवा, एजंटाला मूळ प्रती देऊ नका. मेडिकलच्या आधी एजंटाला मोठी रक्कम मोजू नका, जुना डाग असेल तर मुळीच नको. तिकडे खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर केमिस्टकडची अँटिबायोटिक्स घेऊ नका. घरी फोन करा, आम्ही काय ते सांगू. आणि पोरं इंग्लंडला असतील तर त्यांना आजच कळवा की टीबीसाठी जीपीकडे जायला घाबरायचं कारण नाही. त्याचं बिल येत नाही आणि व्हिसाही जात नाही.